ठसका लागला म्हणून

कॉलेजात गेले आणि माझी झोप उडाली. लालबागच्या मराठी शाळेत पहिला नंबर कधी सोडला नव्हता. इथे प्राध्यापक इंग्रजीत भराभर बोलत सुटायचे आणि माझं काळीज असं धडधडायचं की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटे. श्वास पुरायचा नाही. उठून जिन्यात जाऊन उभी राहायची. तिथेही स्वस्थता नाही.

घरी सांगणार काय आणि कोणाला? त्या दिवसांत आमच्या चाळीत शांत माणूस औषधालाही सापडत नव्हता. वडील गिरणीतून सुटले की थेट सभेला. मुंबई कोणाची यावरून गॅलरीत रोज आरडाओरडा. साऱ्या गावाचं डोकं तापलेलं, त्यात माझ्या तडफडीला कोण विचारतो! मला भयंकर संताप यायचा.

शेवटी आईनेच मीठमिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, असा आमच्याकडचा हिशेब. त्या दिवशी अख्खी खोली खोकली. म्हणजे दृष्ट नाही. अंगात तापही नाही. म्हणजे मला काहीच झालेलं नाही! "अभ्यास नको झालाय, दुसरं काय," वडील म्हणाले आणि माझगाव गोदीतल्या एका मुलाचं स्थळ बघायला लागले.

मी आईला ओढतच कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, झोपेचं विचारलं, रडू येतं का विचारलं. तिथेच आलं.

"मनाचा आजार आहे हा," त्या म्हणाल्या. "कॉलेज सुरू झालं की अशी मुलं येतातच माझ्याकडे. बरी होतात. कॉलेज सोडू नकोस. दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोलत जा."

"ह्या वेड नाय मां?" आईने विचारलं.

"नाही हो. भीती आहे. ती अशी अंगात उतरते."

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मगे हिचा लगीन आता करूचा नाय. माझा झाला, मी हय मुंबैक इलंय, तेवा माकाय असांच व्हायचा. कोणाक सांगूक नाय."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आणि आता?"

"अजूनय तसांच होता माका," आई म्हणाली.

एका खोलीत, एका चटईवर झोपायचो आम्ही दोघी. मला पत्ता नव्हता.