जामीनदार आणा

सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सरोजाक्का टॉवेल शिवतात. त्यांना नवी मशिनं घ्यायची होती, म्हणून कर्जासाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. या कर्जाला सरकारचीच हमी होती. तरी साहेब म्हणाले, "योजना ठीक आहे हो, पण एखादा नोकरदार जामीनदार आणा."

"सरकारपेक्षा मोठा जामीनदार कुठून आणू, साहेब?" अक्कांनी शांतपणे विचारलं. मागे रांगेत कुणीतरी हसलं.

गिरण्या बंद पडल्यापासून आमच्या शहराकडे सगळे असंच बघतात. इथला माणूस बुडणारच, असं धरून चालतात. पुण्याला गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी फोनवर विचारतात, 'तू अजून तिथेच?' मी नुसती हसते. हमी म्हणजे तरी काय? हा माणूस उभा राहील, असं कुणीतरी आधीच म्हणणं. सरकार तसं म्हणालं होतं. साहेबांना ते पटत नव्हतं, एवढंच.

"पुढच्या आठवड्यात या," साहेब म्हणाले.

"आजच बघा. आम्ही बसतो," अक्का म्हणाल्या.

एरवी मी अशा वेळी बाहेर जाऊन थांबते. आज भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.