वाळत घातलेली घरं

तिला सगळे वाळवणबाई म्हणत. काम तरी दुसरं काय होतं? रिकाम्या घरांच्या गॅलऱ्यांत ओले कपडे वाळत घालायचे.

गरिबांसाठी बांधलेल्या त्या इमारती कधीच पुऱ्या झाल्या होत्या. पण त्यातली घरं वाटायची कुणी, यावर वरची मंडळी भांडत बसलेली. माणसं पुलाखाली आणि घरं कुलपात. विरोधकांनी बोंब ठोकली, तसा मंत्र्यांच्या कुणा हुशार माणसानं तोडगा काढला: घरं भरलेली दिसली म्हणजे झालं.

मुकादमानं तिला कपड्यांचं गाठोडं दिलं, चाव्या दिल्या. "निवडणूक होऊ दे. तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर तुझं. माझा शब्द."

त्या शब्दावर ती विधवा बाई आपल्या सासूला घेऊन बेघरांच्या निवाऱ्यात दिवस काढत होती. रात्री खाट मिळायची, उजाडलं की बाहेर. सासूचं तोंड मात्र कुठल्याच निवाऱ्यात मावणारं नव्हतं. "भुतांची धोबीण झालीस गं बये," ती म्हणायची.

काम तिनं जीव ओतून केलं. वर नळ कोरडे, म्हणून खाली टँकरपाशी कपडे भिजवून जिन्यानं न्यायची. सुके टांगले तर लबाडी रस्त्यावरूनच कळते. घर म्हटलं की कपडा ठिबकायला हवा. कुणाकडे चादरी, कुणाकडे जोडीदार हरवलेला मोजा. एका घरी तिनं लंगोट लावले, आणि काही महिन्यांनी मुकादमाकडे मोठे कपडे मागितले.

"कशाला?"

"बाळ वाढलं नाही का?"

"पुढच्या साली शाळेत घालतेस की काय त्याला!" मुकादम हसला. ती हसली नाही.

चूक झाली ती कोपऱ्यातल्या घरी. तिथं परक्याचे कपडे टांगायला तिचा हात धजेना. म्हणून तिनं स्वतःचा निळा झगा आणि सासूचं हिरवं स्वेटर लावलं. आपल्या घरात आपलेच कपडे वाळू देत.

एका संध्याकाळी तिनं तारेवरून परत आणलेलं ते स्वेटर सासूनं अंगात घातलं आणि लगेच उतरवलं.

"कोपराला रफू कुणी केलं?"

"मी नाही, सासूबाई."

"टाका तर माझाच आहे. आणि ही ऊब बघ. आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखी."

"उन्हाची असेल."

त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं.

निवडणूक झाली, मंत्री तेच आले. रिकामी घरं वाटायचं ठरलं. पाहणीवाले आले, रस्त्यावर उभे राहिले, माना वर करून बघितलं आणि निघून गेले. ती मुकादमाकडे धावली.

"एकही घर रिकामं निघालं नाही," तो खाली बघत म्हणाला.

"आणि माझं कोपऱ्यातलं?"

"तिथं माणसं राहतात. एक म्हातारी, एक तिची सून. हिरवं स्वेटर, निळा झगा. अख्ख्या रस्त्यानं पाहिलंय."

"अहो, त्या आम्हीच की!"

"मग रडतेस कशाला? घर आहे तुम्हाला. निवाऱ्यातल्या खाटाही दिल्या आज दुसऱ्यांना."

सासूला कळलं तेव्हा तिनं सरळ बोचकं उचललं. "चल. राहतो म्हणतातच, तर राहूच."

दोघी इमारतीखाली आल्या. सकाळी कोपऱ्यातल्या गॅलरीत घातलेले कपडे तारेवर नव्हते. कुणीतरी आत नेले होते. चाव्या तर तिच्याच कमरेला होत्या.

तिसऱ्या मजल्यावर किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती. सासूनं थाप मारली.

आत कुणी खोकलं. तो खोकला ती रोज शेजारच्या खाटेवरून ऐकत आली होती. तिनं वळून सासूकडे पाहिलं. सासूचे ओठ घट्ट मिटलेले, जन्मात पहिल्यांदा.

"सूनबाई, बघ गं कोण आलंय," आतून म्हातारा आवाज आला.

ओली पावलं चपचपत दारापर्यंत आली आणि थांबली. दाराखालून पाण्याचा एक ओघळ तिच्या चपलेला लागला.

"कोण पाहिजे?" तिच्याच आवाजात कुणी विचारलं. "इथं जागा नाही, बाई. पुढं बघा."