विलायती पात

देहूरोडच्या छावणीत एका फौजी साहेबांच्या बंगल्यावर माझे मालक खानसामा होते. मालक म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची पद्धत नव्हती तेव्हा. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बंगल्यामागच्या खोल्यांतली एक खोली आम्हांला राहायला होती, आणि ती नोकरीबरोबरच होती. नोकरी गेली की खोलीही जाणार.

मी देहूची. वडील माळकरी, आणि माझ्याही गळ्यात आठव्या वर्षापासून तुळशीची माळ. मालकांच्या घरात मटण चालायचं, पण माझ्या चुलीवर ते शिजणार नाही हे लग्नाच्या बोलणीतच ठरलेलं. बंगल्यावर ते काय रांधतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हातावर कढतं तूप सांडलं. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. त्याच दुपारी एक वाजता आठ माणसं जेवायला यायची होती. बाईसाहेब म्हणाल्या, मेसमधल्या खानसाम्याला बोलावून घेते. तो माणूस वर्षभर या जागेवर डोळा ठेवून होता. एकदा आत शिरला की तो बाहेर निघणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मालक घाईनं म्हणाले, "माझी बायको करंल." मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

बाईसाहेबांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, कोंबडी आणि गोड पदार्थ मी स्वतः बघते, सूप कालचं तयार आहे. हिनं बटाटे उकडावेत आणि लीकची भाजी करावी.

लीक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बंगल्याचा माळी तिला विलायती पात म्हणायचा. कांद्याच्या पातीसारखीच, पण दांडा मनगटाएवढा जाड, खाली पांढरा आणि वर गर्द हिरवा. मालक ओट्यापाशी स्टुलावर बसले आणि सांगू लागले. वरचा हिरवा भाग काढून टाक. दांडा उभा चीर, पण बुडाशी जोडलेला राहू दे. दर पापुद्र्यात माती असते, ती काढ. मागं एकदा साहेबांच्या दाताखाली खडा आला होता आणि ताट तसंच परत आलं होतं, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी चार पाण्यांनी धुतलं. चौथ्या पाण्यातही तळाशी रेती दिसली, म्हणून पाचव्यांदा धुतलं. बोटं गारठून वाकेनात.

पुढचं त्यांनी उठता उठता सांगितलं, कारण बाराला पुन्हा पट्टी करून घ्यायला जायचं होतं. दांडे दोऱ्यानं बांध. पसरट भांड्यात लोण्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस कर. मग अर्धे बुडतील एवढं हाडांचं पाणी घाल, झाकण ठेव, आणि मंद आचेवर तासभर राहू दे. ढवळायचं नाही. हळद नाही, मिरची नाही, फोडणी नाही. "शेवटी मीठ चाखून टाक," असं म्हणून ते गेले.

हाडांचं पाणी शेगडीशेजारी पातेल्यात झाकून ठेवलेलं होतं. काल सुपासाठी काढलेलं, वर चरबीची साय धरलेली. दांडे लोण्यात तांबूस झाले, वास बरा सुटला होता, आणि मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. चाखून टाक, म्हणाले होते. पण ते पाणी आधी खारवलेलं होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं. न चाखता मीठ टाकलं आणि चुकलं, तर मेसमधला माणूस उद्या सकाळी दारात. चाखलं, तर वडिलांसमोर मी कशी उभी राहणार? बाईसाहेब जेवणघरात काचेचे पेले पुसून घेत होत्या. त्यांना हाक मारायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यात भांड्यातून करपल्याचा वास आला.

मी पातेलं बाजूला सारलं आणि तांब्यातलं साधं पाणी भांड्यात ओतलं. वर लोण्याचा आणखी एक गोळा टाकला, झाकण लावलं, कोळसे पसरून आच कमी केली. झाकण चार-पाच वेळा तरी उचलून पाहिलं असेल. पाणी आटत आलं तेव्हा एक पापुद्रा तोडून तोंडात टाकला. मऊ, गोडसर. मीठ घातलं, पुन्हा चाखलं, पुन्हा चिमूटभर घातलं.

मालक आले तेव्हा वाढप्यानं भाजी आत नेलेली होती. त्यांनी भरलेलं पातेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यातलं घेतलं न्हाईस?"

"न्हाई. पाण्यात शिजवलीया."

आम्ही दोघं दाराआड उभे राहून आतल्या काट्याचमच्यांचा आवाज ऐकत राहिलो. एकदा कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि आमच्या भाजीलाच हसलं असं मला वाटलं.

पाहुणे गेल्यावर बाईसाहेब आत आल्या. ताटल्या रिकाम्या परत आल्या होत्या, पण त्या खूश दिसल्या नाहीत. भाजीत हाडांचं पाणी का नाही, असं त्यांनी मालकांना विचारलं. उत्तर मी दिलं. माझी माळ त्यांना दाखवली आणि म्हणाले, चाखता येत नाही ते मला रांधता यायचं नाही.

त्यांनी पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "तो मुझे बुलाना था. मैं चख लेती." चव थोडी फिकी होती, पण रेती नव्हती, हेही म्हणाल्या. उद्या सकाळी सातला ये, असं सांगून निघून गेल्या.

मालकांचा हात बरा व्हायला महिना लागला. तेवढे दिवस मी बंगल्यावर रांधलं, आणि मांसाच्या भांड्यापाशी बाईसाहेब रोज स्वतः चमचा घेऊन यायच्या. मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, बाईसाहेबांना तू बोललीस ते मला जमलं नसतं. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. डाव्या हातानं त्यांना ती मोडता येत नव्हती, म्हणून मीच मोडून दिली.