बायकोच्या व्हिसावर

सलूनवाला जन्मभर दुसऱ्यांच्या माना वाकवत आला; परदेशी जायची वेळ आली तेव्हा मात्र मान त्याचीच खाली गेली. तिकडे कायमचं राहायला जायचे रस्ते तसे बरेच. कुणी रक्ताच्या नात्यावर जातं, कुणी पैसा गुंतवून, कुणी हातातल्या कसबावर. त्याची बायको नर्स. तिला तिकडच्या हॉस्पिटलनं बोलावलं, म्हणून तिचा व्हिसा कसबाचा. कात्री काही तिकडच्या कसबांच्या यादीत नव्हती, तेव्हा हा तिच्यामागून जाणारा 'अवलंबित जोडीदार'.

"म्हणजे बॅगांबरोबर आणखी एक बॅग!" गिऱ्हाइकं खिदळायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण मनातून खट्टू व्हायचा.

मुलाखतीत भलतंच संकट उभं राहिलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि व्हिसासाठी कागदोपत्री लग्न लावणारे महाभाग अधिकाऱ्यानं पुष्कळ पाहिलेले. त्यानं लग्नाचे फोटो टेबलावर मांडले.

"एकाही फोटोत तुम्ही बायकोकडे बघत नाही. का हो?"

सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं कारण सांगावं तर हसं होणार. न सांगावं तर ही एकटीच जाणार, आपण इथेच राहणार. आणि अशा वेळीसुद्धा त्याची नजर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटली ती चिकटलीच.

बायको सरळ समोर बघत होती. तिनं नवऱ्याकडे मानही वळवली नाही.

"अहो, साहेबांच्या कल्ल्यांकडे बघणं बंद करा आधी!"

अधिकाऱ्याचा हात कानाशी गेला. "काय झालं माझ्या कल्ल्यांना?"

"डावा वर चढलाय," सलूनवाला कळवळून म्हणाला. "आल्यापासून जिवाला चैन नाही, साहेब."

"फोटोंतही हेच!" बायकोचा आवाज चढला. "फोटोग्राफरचे केस कुणीतरी उंदरानं कुरतडल्यासारखे कापले होते. मी एवढी नटूनथटून शेजारी, आणि हे त्याच्या डोक्याकडे टक लावून! रडूच यायचं बाकी होतं मला."

अधिकारी पोट धरून हसला. इतकं जिव्हारी लागलेलं गाऱ्हाणं काही घोकून येत नाही, हे त्यालाही कळत होतं. दोघांच्याही कागदांवर शिक्का बसला.

आता तिकडे सलूनवाल्याचं स्वतःचं दुकान आहे. भिंतीवर तेच लग्नाचे फोटो आहेत. नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हमखास विचारतं, "तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात?"

"बायकोच्या," तो छाती फुगवून सांगतो. "हं, मान जरा खाली."