विधी : नको

टेपकाकांना खरं नाव होतं, पण ते आता बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्यांना टेपकाकाच म्हणायचे, कारण खिशात कायम मोजायचा टेप आणि नजरही तशीच. नवा माणूस भेटला की काका आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघणार आणि मग बोलणार. एकदा नात्यातल्या एका नव्या जावयाशी ओळख होताना "साडेपाच फूट" असं त्यांच्या तोंडून निसटलं, आणि काकूंनी तिथल्या तिथं कपाळावर हात मारून घेतला. पण बिचाऱ्यांचा काय दोष? एकवीस वर्षं चर्चच्या दफनभूमीत कबरी खणत होते. सगळं काम हाताचं, कुदळ आणि फावडं. कोपरे असे काटकोनात की सुतारानं येऊन बघावेत.

दफनभूमी चर्चची होती, पण गावात दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती सगळ्यांना उघडी. चर्चला येणाऱ्यांना, न येणाऱ्यांना, आणि चर्चचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनाही. फाटकाजवळच्या खोलीत छापील अर्ज असायचा. त्यात मयताचं नाव, वय, उंची (ही ओळ काकांनी भांडून घालून घेतलेली) आणि सगळ्यात खाली 'विधी : हवा / नको'. काका कामाला लागले तेव्हा 'नको'वर खूण करणारा वर्षातून एखादा यायचा, तोसुद्धा इकडेतिकडे बघत. आता दहातले सात जण 'नको' म्हणायचे, आणि अगदी सहज, चहात साखर नको म्हणावं तसं. रविवारी चर्चमध्ये बाकं जास्त आणि माणसं कमी. पाळकसाहेबांच्या गळ्यात तीन चर्च, त्यामुळे ते एक रविवार सोडून यायचे.

काकांना याचं फार वाईट वाटायचं. राग नाही, वाईटच. आपल्या हातानं माणसाला मातीत ठेवायचं आणि एक शब्द न बोलता फावडं झटकून घरी जायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. मग त्यांनी आपली आपण एक रीत काढली. 'नको'वाले फाटकाबाहेर गेले की शेवटची तीन फावडी माती राखून ठेवायची. पहिलं फावडं पित्याच्या नावानं, दुसरं पुत्राच्या, तिसरं पवित्र आत्म्याच्या. मग टोपी काढून प्रभूची प्रार्थना म्हणायची, चांगली खणखणीत आवाजात. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि काकूंखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

"अहो, त्यांनी नको म्हटलंय ना?" काकू एकदा म्हणाल्या.

"घरच्यांनी म्हटलंय. मेलेल्याला कोण विचारतं?"

"मग तुम्ही विचारलंत का?"

पण काका ऐकतील तर शपथ.

बाईंनी मात्र जिवंतपणीच सांगून ठेवलं होतं. बाई म्हणजे शाळेच्या बाई. निम्म्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं. काका तर आठ वर्षांचे झाले तरी त्यांना अक्षर लागत नव्हतं. घरचे म्हणायचे, दगड आहे, सोडून द्या. बाईंनी सोडलं नाही. वर्षभर शाळा सुटल्यावर शेजारी बसवून घेतलं, कधी पाठीवर हात ठेवून, कधी कान पिळून. आज काका बायबल वाचायचे ते त्या एका वर्षाच्या जोरावर.

जायच्या दोन महिने आधी बाई काठी टेकत दफनभूमीत आल्या आणि भाड्याची खोली बघावी तशी जागा बघू लागल्या.

"इथे ओल येते का रे?"

"नाही बाई. उतार आहे."

"मग इथेच दे, भिंतीलगत. आणि हे बघ, मी गेल्यावर माझ्या डोक्याशी उभं राहून कुणी काही म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही. कळलं?"

"बरं, बाई."

"नुसतं बरं नको. वचन दे."

काकांनी दिलं. चौथीतल्या पोरासारखं मान खाली घालून दिलं.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, बाईंना भिंतीलगत ठेवलं. त्यांचा मुलगा चष्मेवाला. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यानं अर्जावर 'नको'वर खूण केली होती. वीसेक माणसं आली, गप्प उभी राहिली, मातीची मूठ टाकून निघून गेली. काकांनी खड्डा भरत आणला आणि त्यांचे हात थांबले. आपल्याला वाचतं केलं त्या बाईंना असंच ठेवून जायचं? वचन आठवत होतं, आठवत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी तीन फावडी राखली, टाकली, टोपी काढली आणि प्रार्थना म्हटली. अगदी शेवटच्या आमेनपर्यंत.

मागे वळले तर चष्मेवाला उभा. जगाला चष्मे विकणारा माणूस आपलाच चष्मा बाकावर विसरून गेला होता, तो घ्यायला परत आलेला.

"काय केलंत हे?"

"प्रार्थना म्हटली."

"आईनं तुमच्याकडून वचन घेतलं होतं. मला सांगितलं होतं तिनं."

"घेतलं होतं."

"मग?"

"त्यांनी मला वाचायला शिकवलं हो. तसंच टाकून जाववेना."

"शिकवलं, म्हणून तिचं ऐकायचं नाही?" चष्मेवाला ओरडला नाही. ओरडला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "तिनं भिंतीलगतची जागा का घेतली, माहीत आहे? पलीकडे माझा मामा आहे. तिचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा होता, त्यानं स्वतःचा जीव दिला. माझी आजी तुमच्या चर्चच्या पायरीवर दिवसभर बसून होती, एक प्रार्थना म्हणा म्हणून. पाळक बाहेर आले नाहीत, कमिटीतलं कुणी आलं नाही. भिंतीपलीकडे पुरा म्हणून निरोप आला. आई तेव्हा आजीचा हात धरून तिथेच बसली होती. मागितली तेव्हा दिली नाहीत, आणि नको म्हटलं तर जबरदस्तीनं."

काकांनी भिंतीकडे पाहिलं.

"आणखी किती जणांना केलंत असं?"

"नको म्हणणाऱ्या सगळ्यांना. अकरा वर्षं."

चष्मेवाल्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "मी लेखी तक्रार देणार आहे," म्हणाला आणि गेला.

काकांनी घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. जेवायला बसले, पण घास उतरेना. त्यांना नोकरीची भीती वाटत होतीच. फाटकाजवळचं घर नोकरीबरोबरचं, ती गेली तर या वयात बिऱ्हाड पाठीवर. पण खरी टोचणी वेगळीच होती. अकरा वर्षं आपण देणारे आहोत असं ते समजत होते.

"एखाद्यानं पोट भरलंय म्हटल्यावर त्याच्या तोंडात घास कोंबला," काकू हळूच म्हणाल्या, "तर ते वाढणं नव्हे हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं. पण तुमचा जीव त्यात होता, म्हणून मीही जास्त बोलले नाही. बोलायला हवं होतं."

रविवारी काका आपणहून पाळकसाहेबांपुढे उभे राहिले. पाळकसाहेब वयानं तरुण, पण तीन चर्चच्या धावपळीनं थकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून कपाळ चोळलं.

"काका, आपण माफीचं पत्र देऊ. कमिटी तुम्हाला समज देईल. बहुतेक तेवढ्यावर मिटेल."

"माझ्या चुकीचं पत्र मी देतो. त्या पोराचं कोण देणार?"

"ते साठ वर्षांपूर्वीचं. तेव्हाचे लोक राहिलेत कुठे?"

"लोक गेले. चर्च आहे ना अजून?"

पाळकसाहेबांच्या टेबलावर नव्या पत्रकांचा गठ्ठा होता, लोकांनी रविवारी यावं म्हणून छापलेला. काका त्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, लोक का येत नाहीत यावर आपण इतक्या सभा घेतल्या. मला परवा कळलं. निदान एका घराचं तरी कळलं."

दुसऱ्या दिवशी दोघे चष्म्यांच्या दुकानात गेले. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम होती आणि चष्मेवाला एकेक काच बदलत विचारत होता, "आता बरं दिसतंय की आधी?" त्यानं दोघांना पाहिलं, पण घाई केली नाही. गिऱ्हाईक गेलं, तेव्हा काका पुढे झाले.

"बाईंना दिलेलं वचन मोडलं. चूक माझी. माफी मागायला आलो. तक्रार देणार असाल तर जरूर द्या."

"दिली. सकाळीच टाकली पोस्टात."

"बरं केलंत. आणखी एक विचारायचं होतं. तुमच्या मामांसाठी प्रार्थना म्हणू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही म्हणणार."

चष्मेवाल्यानं ट्रेमधली एक काच उचलली आणि पुसत बसला. स्वच्छच होती ती.

"माझा विश्वास नाही," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"आजीचा होता." तो पुसतच राहिला. "तिनं मागितली होती तेवढी म्हणा. आईसाठी काही नको. मी येईन. तुम्ही खरंच म्हणता का ते बघायला."

काकांनी भिंतीपलीकडची झुडपं दोन दिवस राबून साफ केली. तिथे ना दगड होता ना खूण. बाईंनी मुलाला जागा दाखवून ठेवली होती म्हणून सापडली. गुरुवारी दुपारी तिथे चौघंच होती, काका, काकू, पाळकसाहेब आणि थोडा दूर चष्मेवाला. पाळकसाहेबांनी उपासनेचं पुस्तक उघडलं, पानं चाळली. बाप्तिस्म्याला, लग्नाला, दफनाला, सगळ्याला त्यात शब्द होते, याला नव्हते. त्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं.

"तुमच्या आजी दारात आल्या होत्या," ते चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले. "आम्ही दार उघडायला हवं होतं. आम्ही चुकलो."

मग काकांनी त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव मोठ्यानं घेतलं. साठ वर्षांत चर्चच्या माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं. प्रार्थना म्हणताना काकांचा आवाज दोनदा फुटला. काकूंनी डोळे पुसले. चष्मेवाल्यानं मान वाकवली नाही, आमेनही म्हटलं नाही, पण संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

जाताना तो काकांजवळ थांबला.

"पुढच्या वेळी कुणी नको लिहिलं, तर काय कराल?"

"विचारेन. पेटी खाली जायच्या आधी, घरच्यांसमोर."

"आणि ते नाहीच म्हणाले तर?"

"तर माती सारखी करून घरी जाईन."

"जमेल?"

"जड जाईल," काका म्हणाले.

कमिटीनं समज दिली, नोकरी राहिली. पुढच्याच आठवड्यात एका मोटार दुरुस्त करणाऱ्याची पेटी आली. काकांनी त्याच्या बायकोला विचारलं. ती नीट बोलली, तुसडेपणानं नाही. म्हणाली, "नको काका. त्यांना आवडलं नसतं." काकांनी मान डोलावली. सगळे गेल्यावर खड्डा भरला. माती राखून ठेवली नाही, सगळी टाकली, फावड्याच्या पाठीनं थोपटून सारखी केली. तोंड घट्ट मिटून ते तिथे उभे राहिले. मग टोपी डोक्यावर तशीच ठेवून घरी आले आणि दारातच खाली बसले.

"आज एका माणसाला तसंच ठेवून आलो गं," ते म्हणाले आणि हमसून हमसून रडू लागले.

काकू त्यांच्याजवळ बसल्या. "तसंच नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या मर्जीनं ठेवून आलात."