ग्लेनिस मावशींचं पुडिंग

सरकारने घरभाड्याचा भत्ता कापला, हे ग्लेनिस मावशींनी फक्त मला सांगितलं होतं. मी ते पबमध्ये नेमकं त्यांच्या घरमालकाला, म्हाताऱ्या टर्टनला, ऐकवून बसलो. आमच्या बार्न्सले गावात जीभ सुटायला बिअरचा एक ग्लास लागतो. माझी त्याआधीच सुटली.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, टर्टन दारात हजर. मी मावशींकडे बटाटे सोलत होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओव्हनमध्ये घालतील.

"आठवड्याला वीस पौंड कमी पडणार," मावशी म्हणाल्या. "घर सोडायला सांगणार असाल तर सरळ सांगा."

"तुम्ही गेलात तर नवा भाडेकरूही त्याच कापलेल्या भत्त्यावरचा येणार! वर छत गळतं म्हणून रोज माझं डोकं खाणार." टर्टनने नाक वर करून वास घेतला. "पुडिंग भाजताय का?"

आमच्याकडे रविवारी मांसाआधी यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे अंडं-मैद्याची फुगवून भाजलेली बिनगोड वाटी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर खातात. बायको गेल्यापासून टर्टन दुकानातली थंडगार पुडिंगं गरम करून गिळत होता.

"दर रविवारी मला जेवायला बोलवा. वीस पौंड त्यात वळते करू."

"अहो, लुटायला आलात की स्वतःला लुटवून घ्यायला?" मावशी खळखळून हसल्या. "बसा. आणि ते बूट बाहेर काढा!"

त्या दिवशी तीनच पुडिंगं फुगली होती. टर्टनने स्वतःचं संपवून माझंही उचललं. ते अजून त्याच्याकडे बाकी आहे. मागितलं की म्हणतो, "पुढच्या आठवड्यात नक्की देतो रे."