नरातली गाबोळी

कुळगावच्या बाजारात ती नदीचे मासे विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. मासा कापण्याआधी अंगठ्याने पोट दाबून ती सांगायची, "नर." नाहीतर, "मादी. गाबोळी हाय." गाबोळी म्हणजे माशाची अंडी. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

नव्वदच्या दशकात एकदा "नर" म्हणून तिने माझ्यासाठी मासा चिरला. आत नराची पांढरी पिशवी होती, आणि त्या पिशवीत अंड्यांचे पिवळे दाणे. शेजारचं गिऱ्हाईक हसलं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. हळूच म्हणालो, "मावशी, सांडपाण्यातली काही केमिकलं मादीच्या हार्मोनसारखी वागतात. मग नराचं लिव्हरसुद्धा अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनवायला लागतं, आणि त्याच्या पिशवीत अंडी धरतात."

"म्हंजे माजा हात नाय चुकला," ती ताडकन म्हणाली. "तुमचा पानी चुकलाय."

"झाकून ठेवा. लोकांनी बघितलं तर धंदा बसेल."

तिने तो चिरलेला मासा उचलला आणि टोपलीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"मी कशाला झाकू? ज्याने केलाय त्याने झाकावा."

खिशावरचा कंपनीचा बिल्ला मी तळहाताने झाकला.